दिरेक गुरुजींच्या फाटकासमोर

गल्ली नऊ, रांगसित
बुधवार, १० मे, बुद्धवर्ष २५६६

काल मंगळवार होता आणि तू आला नाहीस. माझ्या म्हाताऱ्याला मी साडेआठलाच आंघोळ घालून, आखूड चड्डी चढवून, उजव्या पायाला तेल चोपडून पलंगाच्या कडेला बसवलं होतं. साडेअकरापर्यंत तो तसाच बसला, भाजायला लावून विसरलेल्या माशासारखा. एका अंगाला कलंडायला लागला तेव्हा मीच आडवा केला. तुमच्या ऑफिसातली मुलगी फोनवर काय बोलली ते मला कळलं नाही. फोन कानाला लावला की मला माशी गुणगुणल्यासारखंच ऐकू येतं. शेवटी गल्लीच्या तोंडाशी जो नारंगी जाकीटवाला मोटारसायकलवरून माणसं पोचवतो, त्या देंगच्या हातात फोन दिला आणि त्यानं माझ्या कानात ओरडून सांगितलं. समोरच्या दिरेक गुरुजींनी तक्रार केली म्हणे. तुझी गाडी त्यांच्या फाटकासमोर उभी असते म्हणे.

आता नमस्कार. बरा असशील.

फूम, तू हातपाय हलवणारा डॉक्टर आहेस. लोकांच्या घरी जाऊन पोट भरतोस आणि लोकांच्या दारात गाडी कशी लावावी हे तुला कुणी शिकवलेलं दिसत नाही. मी शिकवते. मी चौथीपर्यंतच गेले, पण या गल्लीत बावीस वर्षं काढली आहेत. माझ्या फाटकासमोर जागा नाही हे तू पाहिलंच आहेस. बाकी दोन्ही बाजूंना गाड्या चिकटलेल्या. मोकळं राहतं ते फक्त गुरुजींचं फाटक, कारण तिथं त्यांनी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आहेत, रस्ता जणू त्यांच्या बापानं सिमेंट ओतून बांधला. खुर्च्या उचल, बाजूला ठेव, गाडी लाव. गिअर न्यूट्रलला टाक, हँडब्रेक सोडून दे, चाकं सरळ ठेव. आमच्याकडे सगळे असंच करतात. ज्याला निघायचं असतं तो गाडी हातानं ढकलतो, चार हात पुढं सारतो आणि आपल्या वाटेनं जातो. कुणी कुणाला बोलत नाही. ब्रेक ओढून गेलास तर तो उद्धटपणा. मोकळी सोडून गेलास की झाली माणुसकी.

शिवाय गुरुजींची गाडी दोन वर्षांत फाटकाबाहेर आलेली मी पाहिली नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. परवा रात्री म्हाताऱ्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. डास बसला होता, तो हाकलायला हलला. मी बराच वेळ दिवा लावून बघत बसले, पण डास काही परत आला नाही. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरनं काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे: अर्धांगाचा झटका आल्यापासून सहा महिन्यांत जे परत येईल ते आपलं, त्यानंतर जे उरेल तेही आपलंच. झटका आला चौदा फेब्रुवारीला. हिशोब तू कर, तू शिकलेला आहेस.

शुक्रवारी ये.

प्रयोंग


शुक्रवार, १२ मे

प्रिय आजी,

नमस्कार. तुमचं पत्र देंगदादांनी हातात दिलं, हेही त्यांच्याच हाती पाठवतो. मंगळवारी आलो नाही त्याबद्दल माफ करा. खरं तर आलो होतो. गुरुजींनी ऑफिसला फोन केल्यामुळे गाडी देवळाच्या आवारात लावली आणि वळकटी, वॉकर आणि यंत्राची पेटी घेऊन चालत निघालो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि दहाला मला पुढच्या आजारी माणसाकडे पोचायचं होतं. म्हणून तिथूनच मागं वळलो. आजही त्याच कारणानं जमलं नाही.

आजी, आमच्या ऑफिसनं आम्हाला एक छापील कागद दिला आहे. त्यात लिहिलंय की, जाण्याआधी घरच्या माणसांना विचारून घ्या गाडी कुठं लावायची. कुणाच्याही फाटकासमोर लावू नका, ‘दोनच मिनिटं’ म्हणूनसुद्धा नाही. काचेमागं आपला फोननंबर ठळक लिहून ठेवा. शेजाऱ्यांना आधी हात जोडा. गल्ली त्यांची आहे, आपण पाहुणे. मला हे सगळं पटतं. म्हणून गेल्या आठवड्यात संत्र्यांची पिशवी घेऊन गुरुजींकडे गेलो. त्यांनी घेतली नाही, पण रागावलेही नाहीत. म्हणाले, “बाळ, संत्री नकोत. माझ्या बायकोला श्वासाचा आजार आहे. घरात प्राणवायूचं यंत्र आहे, पण ते पुरेनासं झालं की दहा मिनिटांत मला निघता आलं पाहिजे. रुग्णवाहिका या गल्लीत शिरेपर्यंत वेळ जातो. खुर्च्या हौसेनं नाही मांडल्या.”

आता तुम्हीच सांगा, मी काय करू? अंगठा हलला हे वाचून मी गाडीत एकटाच ओरडलो. मला यायचंच आहे. फक्त गाडी कुठं लावू ते सांगा.

आपला,
फूम


शनिवार, १३ मे

संत्री! गुरुजींना संत्री! त्यांच्या झाडाची संत्री मुलं चोरतात म्हणून ते कुंपणाला तारा बांधतात, आणि तू त्यांना पिशवी नेऊन देतोस.

सुनीबाई आजारी आहेत हे खरं. मी या गल्लीत राहायला आले तेव्हाही त्या आजारीच होत्या. काही बायका आजारपणावर टिकतात, जसं लोणचं मिठावर टिकतं. आम्हा सगळ्यांना पोचवून मग जातील. त्यांचं तू मनाला लावून घेऊ नकोस.

तरी तुझ्या समाधानासाठी आज सकाळी मी गुरुजींशी बोलले. फाटकाशी उभी राहून बोलले. म्हटलं, मंगळवार आणि शुक्रवार, नऊ ते दहा, एवढाच तास. न्यूट्रलला असेल, लागलं तर ढकला. ते म्हणाले, ठीक आहे. थोडं तोंड वाकडं केलं, पण ते त्यांचं कायमचंच आहे. ऑफिसला सांग की शेजाऱ्याची परवानगी मिळाली. तुझ्या त्या कागदावर जे जे छापलंय ते सगळं झालं.

मात्र त्यांच्याकडे आभार मानायला जाऊ नकोस. त्यांना आवडत नाही. माणूस मानी आहे. एकदा हो म्हटलं, आता त्यावर बोलणं नको.

मंगळवारी म्हाताऱ्याला तेल लावून ठेवते.

प्रयोंग


रविवार, १८ जून

प्रिय आजी,

तुम्ही म्हणालात तोंडी सांगितलेलं ऐकू येत नाही, म्हणून मधल्या दिवसांत करायचे व्यायाम लिहून देतो. टाच हातात धरून पाऊल वर दाबायचं, दहापर्यंत मोजायचं, असं वीस वेळा. गुडघा मुडपून बाहेरच्या बाजूला झुकू द्यायचा नाही, उशी लावा. पलंगाच्या कडेवरून उठताना ओढू नका. त्यांना पुढं वाकू द्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढं आलं की ढुंगण आपोआप उचलतं. आणि रागावू नका, आजी. तुम्ही ओरडलात की त्यांचा चांगला हातसुद्धा आखडतो.

शुक्रवारी ते वॉकरला धरून अकरा सेकंद उभे राहिले. मी ऑफिसच्या वहीत लिहिताना दोनदा मोजलं. जुलैमध्ये पावलं टाकायला लागतील असं मला वाटतंय. हे मी सगळ्यांना सांगत नाही.

तुम्ही गुरुजींशी बोललात त्याचे फार उपकार झाले. गेल्या आठवड्यापासून नवी गाडी आणतो आहे, तुम्ही पाहिलीच असेल. जुनी वाटेत बंद पडायची. आईनं गाडीला आशीर्वाद म्हणून भिक्खूंकडून छताला पांढरे ठिपकेही काढून घेतले. एवढंच कळत नाही की मी हात जोडले तरी गुरुजी मान फिरवतात आणि मी निघालो की खुर्च्या पुन्हा मांडतात. त्यांचं मन दुखावेल असं माझ्याकडून काही झालं आहे का?

आपला,
फूम


सोमवार, १९ जून

नाक बोटांच्या पुढं आणलं. ढुंगण उचललं. पुढं वाकून माझ्या मांडीवर पडला तो भाग तुझ्या कागदात नव्हता.

ओरडणं बंद करणार नाही. चव्वेचाळीस वर्षं मी ओरडते आहे. एकदम थांबले तर त्याला वाटेल आपण मेलो.

अकरा सेकंद मीही मोजले, माझे तेरा झाले. तुझं घड्याळ मागं असेल.

गुरुजींना हात जोडणं सोडून दे. मास्तर लोकांना सवय असते मान फिरवायची, साठ पोरं एकदम हात जोडतात, कुणाकुणाकडं बघणार? माझं ऐक, त्या बाजूला बघूच नकोस. गाडी लाव, आत ये.

जुलै म्हणालास. लक्षात ठेवते.

प्रयोंग


गुरुवार, २० जुलै

चार वेळा तू आला नाहीस. चौदा तारखेला नाही, अठराला नाही, आणि त्याआधी अकराला तू आलास ते अर्धं काम टाकून गेलास. चौथी वेळ उद्याची. उद्याही येणार नाहीस हे मला आजच दिसतंय.

सुनीबाई गेल्या. मी काही दगड नाही; मलाही वाईट वाटलं. सात दिवस मंत्रपठण झालं, दोन दिवस मीही जाऊन मागं बसले, भाताची पेज वाढली ती खाल्ली. पण फूम, माणसं मरतात. त्या गल्लीत मरतात, या गल्लीत मरतात. त्या दिवशी काय झालं ते मला नीट ठाऊक नाही, बहिऱ्या बाईला काय ठाऊक असणार. आपण आत होतो. तू म्हाताऱ्याच्या कमरेला पट्टा बांधून त्याला धरला होतास आणि त्यानं पाऊल टाकलं होतं. पाच महिन्यांत पहिलं. मग दुसरं. मला त्या उजव्या पायाशिवाय काही दिसत नव्हतं. नंतर देंग फाटकावरून उडी मारून आत आला, तू म्हाताऱ्याला खुर्चीत टाकून बाहेर धावलास, गाडी हलवलीस, गुरुजींची गाडी निघाली. एवढंच. पुढं इस्पितळात काय झालं ते त्यांचं नशीब.

लोक म्हणतात पाच जणांनी ढकलली तरी तुझी गाडी जागची हलली नाही. मी तुला किती वेळा सांगितलं होतं, न्यूट्रलला टाक! मग का नाही टाकलीस? उद्धटपणा कुणी केला? मी तर रीत शिकवली होती.

ते असो. झालं ते झालं. म्हाताऱ्याचा पाय परत जड झाला आहे. मी रोज टाच धरून दाबते, वीस वेळा, पण माझ्या हातात तुझ्या हातासारखं बळ नाही. पंचवीस दिवस उरले आहेत.

मंगळवारी ये.

प्रयोंग


गुरुवार, २७ जुलै

आजी,

मी गाडी न्यूट्रललाच टाकली होती. रोज टाकत होतो. नव्या गाडीला ओढायचा हँडब्रेकच नाही. इंजिन बंद केलं की ती स्वतःच चाकं धरून ठेवते. मला ठाऊक नव्हतं. बंद करताना काहीतरी वाजायचं, मला वाटायचं दार उघडं आहे म्हणून वाजतंय. गाडीबरोबर जाडजूड पुस्तक मिळालं होतं, ते मी त्या रात्री वाचलं. एकशे बाराव्या पानावर लिहिलं आहे. आधी वाचलं असतं तर. पाच आठवडे मी गुरुजींचं फाटक कुलूप घातल्यासारखं बंद करून तुमच्या घरात बसत होतो आणि मनात म्हणत होतो, मी किती रीतीनं वागतो.

काचेमागं फोननंबर होता. गुरुजींनी फोन केला होता. सहा वेळा. फोन माझ्या पिशवीत होता, आवाज बंद करून, कारण आजोबा पावलं टाकत होते.

मंत्रपठणाच्या शेवटच्या दिवशी मी गेलो. उदबत्ती लावली. गुरुजी माझ्या शेजारी येऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, “बाळ, मला एकच कळत नाही. मी तक्रार केल्यावर तू दुसरीकडे लावायला लागला होतास. मग पुन्हा माझ्या फाटकाशी का लावायला लागलास? कुणी सांगितलं?”

मी म्हणालो, “तुम्हीच हो म्हणालात ना, गुरुजी. आजी तुमच्याशी बोलल्या.”

ते म्हणाले, “प्रयोंगबाई माझ्याशी तीन वर्षांत एक शब्द बोललेल्या नाहीत. त्यांच्या केळ्यांच्या गाडीचा धूर सुनीच्या खोलीत यायचा, तेव्हा मी गल्लीच्या समितीला कळवलं होतं. त्यानंतर नाही.”

आजी, मी म्हणालो, माझीच ऐकण्यात चूक झाली असेल. तुम्हाला वाचवायचं म्हणून तसं बोललो नाही. तोंडात दुसरं काही आलंच नाही.

पण तुम्हाला तरी विचारतो. तुमच्या स्वतःच्या फाटकासमोर एक गाडी मावेल एवढी जागा आहे. तिथं केळी भाजायची हातगाडी उभी आहे. फेब्रुवारीपासून तिच्यावर केळं भाजलेलं नाही, ताडपत्री टाकलेली आहे. मी रोज ती बघत होतो. पहिल्या दिवशीच म्हणायला हवं होतं की आजी, ही सरकवूया का. भीड वाटली. पाहुण्यानं घरच्यांची वस्तू हलवायला सांगू नये असं आम्हाला शिकवतात. ती का नाही हलवलीत?

आणि आणखी एक. मी आजोबांना धरून उभा होतो, माझी पाठ रस्त्याकडे होती. बाहेर ओरडा झाला. मी मान वळवून विचारलं, आजी, काय चाललंय? तुम्ही खिडकीशी होतात. माझे ओठ बघून तुम्हाला प्रश्न कळला. तुम्ही म्हणालात, “फणसवाला आलाय. तू पाऊल पूर्ण कर.”

फणसवाला आला होता का?

ऑफिसनं मला घरोघरी जाण्याच्या कामातून काढलं आहे. दुसरं कुणी तुमच्या गल्लीत यायला तयार नाही. व्यायामाचा कागद जपून ठेवा. टाचेचा सोडू नका.

फूम


शनिवार, २९ जुलै

फार विचारतोस. पोलीस व्हायला हवा होतास.

हातगाडीचं सांगते. ती म्हाताऱ्यानं स्वतः वेल्डिंग करून बनवली आहे, पण त्यासाठी नाही ठेवली. मी अशा गोष्टींसाठी लोखंड सांभाळत नाही. ती हलवली असती तर त्यानं खिडकीतून पाहिलं असतं की ही आता परत केळी भाजणार नाही, म्हणजे आपणही परत उठणार नाही. उभी होती तोवर तो रोज तिच्याकडं बघून चांगल्या हातानं खूण करायचा, चाकात हवा भर. एवढंच. यात काही मोठं नाही.

गुरुजींशी बोलले नव्हते. बोलले असते तर ते नाही म्हणाले असते, आणि तू आला नसतास. मग विचारून काय मिळणार होतं?

फणसवाल्याचं मला आठवत नाही. मी बहिरी आहे, कुणाचा आवाज कुणाचा ते मला काय कळतं.

आता ऐक. काल देंग आणि त्याच्या दोन सोबत्यांना बोलावून हातगाडी काढायला लावली. टायर फरशीला चिकटले होते, एक तिथंच राहिला. गाडी भंगारवाला घेऊन गेला. माझ्या फाटकासमोर आता तुझी नवी गाडी उभी राहील एवढी जागा आहे, मी पावलांनी मोजली. तिथं लाव. कुणाच्या बापाला विचारायला नको. ऑफिसमधून नको येऊस, असाच ये, मोटारसायकलवर ये, बसनं ये. अजून सोळा दिवस आहेत. सोळा दिवसांत पाच वेळा तरी होतं.

गुरुजींना खरं सांगायचं असेल तर सांग. पण चौदा तारखेनंतर सांग. आधी सांगितलंस तर तेही येतील, समितीही येईल, आणि माझ्या घरात तमाशा होईल, त्यात म्हाताऱ्याचे दिवस जातील. तोवर तोंड बंद ठेव. एवढं माझ्यासाठी नाही, त्या पायासाठी कर. त्यानं टाकली होती ना पावलं? तू पाहिलीस ना?

उत्तर नको लिहूस. सरळ ये.

प्रयोंग


फ्रे, आईच्या घरून
शुक्रवार, ४ ऑगस्ट

आजी,

मी येऊ शकत नाही. ऑफिसनं काढलं म्हणून नाही. मी आता गाडी चालवत नाही, आणि कुणाच्या कमरेचा पट्टा हातात धरला की मला मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं. इथं गावात एका म्हातारीच्या खांद्याला हात लावून पाहिला. लगेच काढून घेतला. तिनंच मला पाणी दिलं.

गुरुजींना मी काही सांगणार नाही, चौदा तारखेआधीही नाही, नंतरही नाही. माझीच गाडी होती. एकशे बारावं पान मीच वाचलं नव्हतं. मी आत होतो ती नऊ मिनिटं त्यांच्या हातात होती तर सुनीकाकू वाचल्या असत्या का, हे मला डॉक्टरांना विचारता आलं असतं. विचारलं नाही. रोज विचारायचं ठरवतो.

हो, आजी. पाहिली. सहा पावलं होती. तुम्ही नेहमी जास्त मोजता, त्या दिवशीही तुमची सात झाली असतील.

फूम


गल्ली नऊ, घर १८ मधून समोर घर १७
मंगळवार, १५ ऑगस्ट

गुरुजी, मी तीनदा तुमच्या फाटकाशी आले आणि तीनदा तुम्ही मला पाहून आतला दिवा मालवलात. मी काही भीक मागायला आले नव्हते. घंटा दाबली तर बाहेर येऊन निदान ‘चालती हो’ म्हणायचं, एवढीसुद्धा रीत तुम्हाला राहिली नाही? म्हणून पत्रपेटीत टाकते आहे. आपल्यामध्ये रस्ता आठ पावलांचा आहे आणि मला चिठ्ठी लिहावी लागते आहे. अक्षर वाईट आहे. हसायचं तर हसा.

नमस्कार.

काल आमच्या घरच्या माणसाचे सहा महिने संपले. मोठ्या डॉक्टरनं दिलेली मुदत होती ती. उजवा पाय आता पुन्हा लाकूड आहे, अंगठासुद्धा हलत नाही. गेल्या बुधवारी मी एकटीनं उठवायला गेले, दोघं पडलो, सकाळपर्यंत फरशीवर होतो. तो फरशीवर पडून खिडकीकडं बघत होता आणि खिडकीतून काहीच दिसत नव्हतं. तेव्हापासून त्यानं उठायचं सोडून दिलं आहे, टाच दाबायला घेतली की डोळे मिटतो. हे तुमची कीव मिळवायला लिहीत नाही. आता खोटं सांभाळून मला काही मिळायचं उरलेलं नाही, एवढंच सांगायला लिहिते. मिळायचं असतं तर आजही लिहिलं नसतं, हेही लिहून ठेवते.

तुम्ही त्या मुलाला विचारलंत, तुमच्या फाटकाशी गाडी लावायला कुणी सांगितलं. मी सांगितलं. तुम्ही हो म्हणालात असं मी त्याला खोटं सांगितलं. तो तुमच्याकडं आभार मानायला येऊ नये म्हणून तुम्हाला आवडत नाही असंही मीच सांगितलं. त्यानं तुम्हाला हात जोडले तेव्हा तुम्ही मान फिरवलीत. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. माझ्या दारची जागा मी अडवून ठेवली होती. गाडी न्यूट्रलला टाकायची हे मी शिकवलं, आणि त्यानं टाकली. तिनंच चाकं धरली, त्याला ठाऊक नव्हतं.

एवढं सगळं तुम्ही कदाचित ओळखलं असेल. तुम्ही शिकलेले आहात. हे पुढचं कुणी ओळखलेलं नाही.

अकरा जुलैला मी खिडकीशी होते. मी बहिरी आहे, आंधळी नाही. काचेच्या पट्ट्यांतून तुम्ही दिसत होतात. बनियनवर होतात, पायात चप्पल नव्हती. दोन्ही हात गाडीच्या मागच्या काचेला लावून ढकलत होतात. मला वाटलं आता हलेल, सगळ्यांच्या हलतात. हलली नाही. मग देंग आला, मग कोपऱ्यावरचा वाणी आला. तुमच्या ओसरीवर सुनीबाई वेताच्या खुर्चीत होत्या, तोंड उघडं, कोळी जाळं ओढतात तसे खांदे वरखाली होत होते. मी पाहिलं. मुलानं विचारलं, आजी, काय चाललंय. तेव्हा आमच्या माणसाचा उजवा पाय जमिनीवरून उचललेला होता, हवेत. त्या क्षणी मुलानं सोडलं असतं तर पाय परत खाली त्याच जागी आला असता. मी म्हणाले, फणसवाला आलाय.

तिसरं पाऊल झालं. मी बाहेर बघितलं, तुम्ही अजून ढकलत होतात. चौथं झालं. मी बाहेर बघितलं. नंतर बाहेर बघितलं नाही.

सात झाली. मुलगा सहा म्हणतो, पण तो कमरेचा पट्टा सांभाळत होता, मी पावलं मोजत होते.

तुम्ही पोलिसांत जा, समितीकडं जा, जिथं जायचं तिथं जा. मी घरातच आहे, मला कुठं जायचंय. पण आधी एक करा. तो फूम नावाचा मुलगा फ्रेला आईच्या घरी बसला आहे. कुणाला हात लावायला गेला की लगेच मागं घेतो, आणि सुनीबाईंना आपणच मारलं असं तो समजतो. माझं तो ऐकणार नाही, मी त्याला इतकं खोटं सांगितलं आहे की खरंही आता त्याला खोटंच वाटेल. त्याचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. त्या दिवशी इस्पितळातल्या डॉक्टरनं तुम्हाला काय सांगितलं, ती नऊ मिनिटं असती तर काय झालं असतं, हे तुम्हालाच ठाऊक आहे. जे असेल ते त्याला लिहा. वाईट असेल तर वाईट लिहा.

मला उत्तर नको. माझ्या पेटीत काही टाकू नका, मी उघडणार नाही. फूमला लिहा, आणि स्वतःच्या हातानं लिहा, गुरुजी. समितीच्या कारकुनाकडून लिहवून घेऊ नका.

प्रयोंग